आफियाचा डावा हात

शरणपूरच्या आमच्या गल्लीत साळवे टीचरांचा पियानो मी वीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकला. मग जवळजवळ वर्षभर तो बंद राहिला. पुन्हा सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत तो दोन बायका मिळून वाजवू लागल्या. उजवा हात टीचरांचा आणि डावा आफिया शेखचा. आफियाची ही हकिगत बरीचशी तिनेच मला आमच्या ओट्यावर चहा पिताना सांगितली, आणि उरलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

आफिया मूळची येवल्याची. वडील पैठणीच्या मागावर बसायचे. लहानपणी ती शेजारच्या खोलीत सतरंजीवर पडून मागाची खटखट ऐकत असे आणि मधेच ओरडून सांगे, "अब्बा, धागा जातोय." वडील हात थांबवून बघत, तर खरंच एखादा धागा तुटायला आलेला असे. तिला हे कसं कळायचं ते तिला सांगता येत नसे. आवाज जरा जाड व्हायचा, एवढंच ती म्हणे.

लग्न होऊन ती नाशकात आली, सिडकोत. नवरा नईम स्वतःचा टेम्पो चालवतो. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसच्या फेऱ्या, एरवी मिळेल ते भाडं. आफियाला अंबडच्या एका कारखान्यात काम मिळालं. तिथे पंख्याच्या आणि मिक्सरच्या लहान मोटरी बनत. पहिले काही महिने ती तारा जोडायला होती. एकदा सुपरवायझर तिच्या शेजारून मोटर घेऊन चालला होता, तर ती सहज म्हणाली, "ही परत येईल बघा." आठ दिवसांनी ती मोटर गिऱ्हाइकाकडून परत आली. त्यानंतर तिला नॉइज रूममध्ये बसवलं.

ती खोली म्हणजे कपाटाहून थोडी मोठी. आतून चारी बाजूंनी फोम. दार लोटलं की सगळा कारखाना नाहीसा व्हायचा. टेबलावर एक मोटर ठेवायची, बटण दाबायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. चांगली असेल तर हिरवा शिक्का, नाहीतर लाल.

"चांगली मोटर कशी वाजते?" मी एकदा विचारलं.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "लांब कुणीतरी ऊं करतंय आणि त्याला श्वासच घ्यावा लागत नाही, असं. खराब असली की त्या ऊंमध्ये कुठेतरी खडा लागतो."

एकोणीस वर्षं ती त्या खोलीत बसली. दिवसाला तीनशे मोटरी. बाहेरच्या बायकांना वाटायचं, बिचारी एकटी कोंडून पडते. आफियाला मात्र तिथे बसल्या बसल्या पाण्यात तरंगल्यासारखं वाटायचं. घरातलं, दारातलं काही आठवायचं नाही. घंटा झाली की ती उजेडात येऊन थोडा वेळ नुसती उभी राहायची.

करोनानंतर कारखान्यात नवं यंत्र आलं. मोटर त्यावर ठेवली की पडद्यावर रेघा उमटत आणि आपोआप शिक्का बसे. "मशीन चांगलं होतं," आफिया म्हणते. "मी पण तेच पकडायचे, ते पण तेच पकडायचं. फक्त ते जेवायला जायचं नाही." तिला पॅकिंगला घातलं. तिथे दिवसभर चिकटपट्टी ओढल्याचा कर्कश आवाज. दोन महिन्यांत तिचं डोकं इतकं दुखायला लागलं की तिने काम सोडून दिलं.

त्याच सुमारास साळवे टीचरांना अर्धांगवायूचा झटका आला. सरोजिनी साळवे. आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलेल्या, शहात्तर वर्षांच्या, ताठ कण्याच्या बाई. डावा हात गेला, डावा पाय ओढत चालावं लागे. बोलणं आणि बुद्धी मात्र लख्ख. मुलगी स्नेहल पुण्याला नोकरी करते. तिने दिवसभर आईजवळ थांबायला बाई शोधायला सुरुवात केली आणि कुणाच्या तरी ओळखीने आफिया आली. आधीच्या दोघी आठवड्याच्या आत पळाल्या होत्या. टीचर कडक. भांड्यांचा आवाज त्यांना खपत नसे.

आफियाने पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि ताटाळ्यात खाली जुना टॉवेल अंथरला. टीचरांनी दिवाणखान्यातून ते पाहिलं. ही बाई राहणार, हे ठरलं.

दुपारी जेवण झालं की टीचर काठी टेकत पियानोपाशी जात आणि एका हाताने वाजवत. एकाच पुस्तकातली एकच रचना. आफियाने असलं काही कधी ऐकलं नव्हतं. तिला सिनेमाची गाणी माहीत होती, दर्ग्यातली कव्वाली माहीत होती. त्यात गाणं कुठून निघालं आणि कुठे पोहोचणार हे कळतं. हे मात्र निघाल्यासारखंच वाटत नव्हतं. चार-पाच सूर एकदम उमटत, तसेच्या तसे थोडे बाजूला सरकत, आणखी थोडे सरकत, आणि थांबत. धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, ते कुणी ढकलत नसताना सरकतं, तसं. आणि मधे मधे मोठी भगदाडं. काहीच वाजत नाही, अशी.

दहा-बारा दिवस तिने ऐकलं. मग एकदा मटार सोलता सोलता म्हणाली, "टीचर, मधे काही राहतंय का?"

टीचरांनी मान वळवली. "काय राहतंय?"

"तिथे काहीतरी असायला पाहिजे. खाली. लांबचं."

टीचरांनी पट्ट्यांवरून हात उचलला. मग म्हणाल्या, "डावा हात राहतोय. इकडे ये. हात धुऊन ये."

त्यांनी तिला बाकावर आपल्या डावीकडे बसवलं आणि दोन काळ्या पट्ट्या दाखवल्या. एक अगदी खालची, एक तिच्यावरची. अख्ख्या रचनेत डाव्या हाताला एवढे दोनच सूर. दूरच्या देवळाच्या घंटेसारखे, पण घंटा नियमाने वाजते, हे तसे वाजत नसत. कधी लागोपाठ, कधी इतक्या उशिराने की माणूस ते विसरून जावा.

"मोजू का?" आफियाने विचारलं.

"मोजलंस तर बिघडेल. उजवा हात काय म्हणतोय ते ऐक आणि वाट बघ. या माणसाने डाव्या हाताला वाट बघायचंच काम दिलंय."

वाट बघणं आफियाला येत होतं. एकोणीस वर्षं तिने तेच केलं होतं.

या माणसाने, म्हणजे ती रचना लिहिणाऱ्याने. तो फ्रेंच होता, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. त्याचं नाव आफियाला अजूनही नीट उच्चारता येत नाही आणि मी प्रयत्नही करत नाही. रचनेच्या फ्रेंच नावाचा अर्थ टीचर सांगत: पाण्यापलीकडचं गाव. त्या म्हणत, त्याच्या आधीच्या लोकांच्या संगीतात सूर घर सोडून निघतात, भटकतात, आणि शेवटी घरी परत येतात. ऐकणारा सुटकेचा निःश्वास टाकतो. याने विचारलं, घरी यायलाच हवं का? नुसतं पाण्याकाठी उभं राहून पलीकडे बघत बसलं तर? त्याने पानांवरच्या उभ्या रेघासुद्धा काढून टाकल्या होत्या, ज्यांनी ताल कळतो. सुरांच्या वर बारीक अक्षरात सूचना लिहिल्या होत्या. एके ठिकाणी लिहिलं होतं, "कुणी ऐकत नाही असं समजून." पहिल्यांदा हे वाजलं तेव्हा लोकांना म्हणे वाटलं, वाजवणारा अजून पियानो तपासतोच आहे.

त्या हिवाळ्यात रोज दुपारी तीनच्या सुमाराला मी हातातलं काम ठेवायचे. ऊन त्यांच्या खिडकीतून आत शिरलेलं असायचं. गल्लीत कुणी नसायचं. टीचरांचा उजवा हात, उजवा पाय पेडलवर, आणि शेजारी ओढणी खांद्यावर खोचलेली आफिया, डोळे मिटून, हात पट्टीच्या वर अधांतरी. मी कुंपणापाशी उभी राहून ऐकताना मला कधी कधी आपण कुठल्या गावात आहोत हेच उमगत नसे. रस्त्यावरून रिक्षा गेली तरी ती त्या सुरांत मिसळून जायची.

घरी मात्र नईमला हे समजत नव्हतं. आफिया जेवायच्या ताटावर दोन बोटं टेकवून बसायची. "किधर है तू?" तो विचारायचा. ती म्हणायची, "इधरच."

पण तिला एक गोष्ट खुपत होती. तिसऱ्या पानावर, दुसऱ्या ओळीत, एक सूरसमूह यायचा आणि दर वेळी तिला तिथे खडा लागायचा. आधी वाटलं, आपल्या कानाला सवय नाही. एवढ्या शिकलेल्या बाई, त्या काय चुकीचं वाजवतील? दीड महिना ती गप्प राहिली. तो सूरसमूह जवळ आला की तिचे खांदे आपोआप आखडायचे. टीचरांच्या ते लक्षात आलं.

"तिथे तुला काय होतं?"

"काही नाही."

"आफिया, खरं सांग."

"तिथे खराब वाजतं, टीचर."

टीचर हसल्या. "अगं, या रचनेत सगळंच वेगळं आहे. गोड लागावं म्हणून त्याने लिहिलेलंच नाही."

"वेगळं आहे ते कळतं मला," आफिया चाचरत म्हणाली. "पण बाकीचं वेगळं आहे ना, ते एका जातीचं आहे. हे त्यातलं नाही. एवढा एकच सूर बाहेरून आलाय."

टीचरांचा चेहरा उतरला. त्यांनी पियानोचं झाकण लावलं आणि खोलीत जाऊन पडल्या. संध्याकाळी आफिया निघताना त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी पियानो उघडला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आफियाने घरी नईमला सांगितलं, "माझं काम गेलं वाटतं. मला तोंड उघडायची काय गरज होती?"

चौथ्या दिवशी सकाळी ती आली तर टीचर खिडकीपाशी पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी भिंग मागितलं. आफियाने टेबलाच्या खणातून काढून दिलं. टीचरांनी तिसरं पान उजेडासमोर उभं धरलं. कागदाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं, आरपार. कसर लागलेल्या जुन्या पुस्तकांना असतं तसं. भोकाच्या वर शाईची एक बारीकशी उभी रेघ उरली होती.

"इथे काहीतरी होतं," टीचर म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी हळू होता. "कोमलाची खूण असणार. तेवढीच खाल्ली गेली."

त्यांनी स्नेहलला फोन केला. तिने इंटरनेटवर त्याच रचनेची दुसरी प्रत शोधली आणि तासाभरात तिसऱ्या पानाचा फोटो पाठवला. आफियाने तो मोबाइलवर बोटांनी मोठा करून दाखवला. खूण तिथे होती. स्पष्ट, काळीभोर.

टीचर उठल्या. काठी न घेताच उठल्या, आफियाने धावत जाऊन धरलं. पियानोपाशी बसून त्यांनी तिसरं पान सुरुवातीपासून वाजवलं आणि त्या जागी पांढऱ्या पट्टीऐवजी शेजारच्या काळीवर बोट ठेवलं. सूर आला आणि सरकून पुढे गेला. आफियाचे खांदे जिथल्या तिथे राहिले.

टीचर पट्ट्यांवर हात तसाच ठेवून रडायला लागल्या.

त्यांनी नंतर जे सांगितलं ते आफियाने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. बत्तिसाव्या वर्षी टीचर मुंबईला एका मोठ्या परीक्षेला बसल्या होत्या. हे पुस्तक त्यांनी देवळाली कॅम्पात, बदली होऊन चाललेल्या एका लष्करी कुटुंबाकडून विकत घेतलं होतं. भोक तेव्हापासूनच असणार. परीक्षेत त्यांनी हीच रचना वाजवली. परदेशातून आलेला परीक्षक ऐकून म्हणाला, वाजवणं सुरेख आहे, पण तिसरं पान तुम्हाला कळलेलं नाही. त्याला वाटलं असेल, बाईंनी मुद्दामच सूर बदललाय. बाईंना वाटलं, आपल्याला संगीताच्या आतलं काही समजतच नाही. त्यानंतर त्या लोकांसमोर कधी वाजवायला बसल्या नाहीत. शाळेतल्या मुलींना प्रार्थना आणि समूहगीतं शिकवत राहिल्या. दुपारी एकट्या असताना ते तिसरं पान वाजवून बघायच्या, आज तरी कळतंय का म्हणून. चव्वेचाळीस वर्षं.

"मला कळत होतं, आफिया," त्या म्हणाल्या. "दर वेळी तिथे मलाही टोचायचं. मी स्वतःलाच गप्प करायचे."

जानेवारीत टीचरांनी ठरवलं, लोकांसमोर वाजवायचं. स्नेहलने मुंबईहून पियानो लावणारे जमीलचाचा बोलावले. सत्तरीचे, पातळ पांढऱ्या दाढीचे, हत्यारांची पेटी पोटाशी धरून आलेले. चार तास खपून त्यांनी एकेक तार ताणून सुरात आणली. आफिया चहा घेऊन आली आणि दाराशीच थांबली.

"चाचा, या मधल्या सुरात अजून लाट आहे."

"कुठल्या?"

तिने पट्टी दाबून दाखवली. एका पट्टीमागे तीन तारा असतात; तिन्ही तंतोतंत जुळल्या नाहीत तर आवाज बारीक हेलकावतो. जमीलचाचांनी कान लावला, तारांमध्ये फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, पट्टी घालून एकेक तार वेगळी वाजवली, आणि तार ताणायची किल्ली केसभर फिरवली. हेलकावा थांबला. ते आफियाकडे वळून म्हणाले, "बेटी, तू कुणाकडे शिकलीस?"

"मोटरीकडे," ती म्हणाली. चाचांना वाटलं, हे कुण्या उस्तादाचं नाव असेल.

रविवारी चार वाजता कार्यक्रम झाला. नईम टेम्पोतून खुर्च्या घेऊन आला आणि मग स्वतः शेवटच्या खुर्चीवर बसला. आम्ही सत्तावीस माणसं होतो. गल्लीतली, चर्चमधली, टीचरांच्या काही जुन्या विद्यार्थिनी. टीचरांनी ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसली होती. त्यांनी प्रस्तावना केली नाही. आफिया शेजारी बसली आणि तिने डोळे मिटले.

मी ती रचना कुंपणातून इतक्यांदा ऐकली होती, पण त्या दिवशी खोलीत बसून ऐकताना भिंती थोड्या मागे सरकल्यासारख्या झाल्या. कुठेतरी पाणी होतं, पलीकडे गाव होतं, आणि तिथून कुणी हाका मारत नव्हतं. उजवा हात सरकत होता. डावा थांबत होता. एका जागी इतका वेळ गेला की माझ्या शेजारच्या लताबाईंनी मान वर करून पाहिलं, आणि तेवढ्यात आफियाचा खालचा सूर पडला, जणू तो कधीपासून तिथेच होता. तिसरं पान आलं आणि गेलं. त्याची कुणाला गंधवार्ताही नव्हती.

शेवटचा सूर विरल्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कळेना. लताबाई कुजबुजल्या, "झालं का?"

"झालं," टीचर पियानोकडे तोंड करूनच म्हणाल्या. त्या हसत होत्या.

त्या संध्याकाळी नईम टेम्पोत खुर्च्या भरताना आफियाला म्हणाला की त्याला गाणं काही कळलं नाही, पण मधे एकदा त्याला त्याच्या आईची फार आठवण झाली. का, ते त्याला सांगता येईना.

पुढचे आठ महिने टीचरांनी तिला उजव्या हाताचं शिकवायला घेतलं. पहिलं पान पूर्ण झालं, दुसरं अर्ध्यावर आलं. सप्टेंबरात टीचरांना दुसरा झटका आला आणि त्या चार दिवसांत गेल्या. आफिया त्या चारही दिवस दवाखान्यात त्यांच्या उशाशी होती. घर विकायचं ठरलं. स्नेहलने आफियाला पियानो देऊ केला, पण सिडकोतल्या तिच्या इमारतीच्या जिन्याचं वळण इतकं अरुंद की तिथून कपाटसुद्धा दोरीने वर घ्यावं लागतं. पियानो चर्चच्या सभागृहात गेला. पुस्तक मात्र आफियाने ठेवलं.

दोन महिने ती घरी बसून होती. बोलायची नाही फारशी. मग एक दिवस जमीलचाचांचा फोन आला. स्नेहलकडून नंबर घेतला होता. त्यांचे डोळे अधू झाले होते आणि वरच्या पट्टीतले बारीक सूर ऐकायला त्रास होत होता. नाशिक, देवळाली, इगतपुरीकडची हॉटेलं, जुने बंगले मिळून बारा-पंधरा पियानो त्यांच्याकडे लावायला होते. त्यांनी विचारलं, शिकशील का?

"माझं वय सत्तेचाळीस आहे, चाचा," आफिया म्हणाली.

"माझे कान सत्तरचे आहेत," ते म्हणाले. "ये."

वर्षभर ती त्यांच्याबरोबर फिरली. आधी नुसती ऐकायला, मग तारा पुसायला, मग किल्ली हातात घेऊन. मनगटात जोर आणायला तीन महिने गेले. आता चाचा मुंबईहून येत नाहीत, तीच जाते. गेल्या आठवड्यात मी तिला त्र्यंबक नाक्यावर बसची वाट बघताना पाहिलं. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, तिच्यात किल्ल्या, फेल्टच्या पट्ट्या आणि जेवणाचा डबा. देवळालीला एका शाळेतला पियानो लावायला चालली होती.

"दुसरं पान झालं का गं?" मी विचारलं.

"झालं. बुधवारी चर्चमध्ये जाते ना वाजवायला. तिसरं आजच काढणार आहे. ती शाळा दुपारी सुटते, पुढे कुणी नसतं तिथे."

बस आली. ती चढली, खिडकीपाशी जागा मिळाली तशी पिशवी मांडीवर घेऊन बसली, आणि मला हात केला.